खेळता खेळता इंग्रजी : जपानच्या शाळेतील तीन वर्षे

जपानचे नाव काढले की आपल्या घरांत दोन गोष्टी आठवतात. एक तिथला बुद्ध आणि दुसरी तिथली यंत्रे. त्याच जपानमधील मुले इंग्रजी बोलताना आपल्या पोरांइतकीच, किंबहुना जास्तच घाबरतात, हे सांगितले तर कोणाचा विश्वास बसत नाही. आम्ही परत आलो तेव्हा आमच्या आत्याने तर सरळ विचारले, "एवढ्या मोटारी बनवणाऱ्या लोकांना एबीसीडी येत नाही म्हणतोस?" एबीसीडी येते. शब्दही पुष्कळ येतात. बोलता येत नाही. आणि त्याचे कारण बुद्धी नसून भीती आहे, हे आम्हाला तिथे पहिल्याच आठवड्यात कळले. ही भीती खेळांनी कशी जाते आणि चुकीचा खेळ निवडला तर ती कशी वाढते, हे दोन्ही आम्ही पाहिले. दुसरी गोष्ट तर आमच्याच हातून घडली. ती न लपवता इथे सांगणार आहोत.

जपान सरकारने १९८७ साली परदेशांतील तरुणांना बोलावून शाळाशाळांत इंग्रजीचे सहाय्यक शिक्षक नेमण्याची योजना सुरू केली. पुढे निरनिराळ्या शहरांच्या शिक्षण मंडळांनी आपापल्या पद्धतीनेही असे सहाय्यक घेतले. आम्ही त्यांपैकीच एक. २०१२ ते २०१५ अशी तीन वर्षे एका लहान शहरातील प्राथमिक शाळांत आम्ही फिरत होतो. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत. वर्ग त्यांच्या बाईंचा किंवा गुरुजींचा, आम्ही मदतनीस.

त्या वेळी पाचवी-सहावीच्या मुलांना वर्षाला ३५ तासिका इंग्रजी असे, म्हणजे आठवड्याला एक, ४५ मिनिटांची. हा नियम २०११ पासून सक्तीचा झाला होता. पण तो 'विषय' नव्हता, 'उपक्रम' होता. परीक्षा नाही, गुण नाहीत, लिहिणे-वाचणेही जवळजवळ नाही. ऐका आणि बोला, एवढेच. तेव्हा खेळ हाच धडा होता म्हटले तरी चालेल.

आमची पहिली तासिका अजून आठवते. बूट काढून, घरातल्यासारखे पातळ पांढरे बूट घालून आम्ही वर्गात शिरलो. ३४ मुले उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "हॅलो! हाऊ आर यू?" आम्हाला वाटले, वा! पोरे तयार आहेत. मग आम्ही पुढच्या बाकावरच्या एका मुलीला तिचा आवडता रंग विचारला. ती मागे वळली, शेजारणीशी कुजबुजली, शेजारीण तिच्या शेजारणीशी. तिघींची बैठक झाली. उत्तर आलेच नाही. ब्ल्यू हा शब्द त्या तिघींनाही येत होता, हे आम्हाला नंतर कळले. एकत्र म्हणायचे असले की मुले छत उडवतील इतक्या मोठ्याने म्हणतात, पण एकट्याने म्हणायचे म्हटले की मान खाली जाते. सगळ्यांसमोर चूक होणे ही तिथे फार मोठी नामुष्की समजतात.

आम्हाला हे समजायला वेळ लागला नाही, कारण आम्ही त्याच वाटेने गेलो होतो. आम्ही महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी पाचवीपासून. सहावीत उभे राहून धडा वाचताना 'नाइफ'ला आम्ही 'कनाइफ' म्हणालो. अक्षर लिहिले आहे तर वाचायचे नाही का? सगळा वर्ग हसला, आणि वाईट म्हणजे गुरुजीही हसले. त्यानंतर दहावीपर्यंत इंग्रजीच्या तासाला आम्ही हात वर केला नाही. आमच्या घरात आमच्या आधी कोणी इंग्रजी शिकलेले नव्हते, त्यामुळे घरी जाऊन विचारायचीही सोय नव्हती.

जपानी मुलांची अडचण नेमकी कुठे आहे हे आधी पाहू, म्हणजे खेळांचे मर्म कळेल. त्यांच्या लिपीत आपल्या बाराखडीसारखी जोडलेली अक्षरे असतात. का, कि, कु, के, को. नुसता 'क्' त्यांना लिहिता येत नाही. (त्यांच्या अक्षरांचा क्रमही आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध भिक्षूंनी भारतीय वर्णमालेचा जो अभ्यास केला त्यातून हा क्रम तिकडे रुजला, असे अभ्यासक मानतात. आम्ही हा क्रम पहिल्यांदा ऐकला तेव्हा परक्या देशात कोणी ओळखीचे भेटल्यासारखे वाटले.) त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक व्यंजनाला ते एक स्वर चिकटवतात. मिल्कचे 'मिरुकु' होते. बेसबॉलच्या स्ट्राइकचे 'सुतोराइकु', आणि कामगारांच्या संपाला जो स्ट्राइक म्हणतात त्याचे 'सुतोराइकि'! आपल्याकडे खेड्यात स्टॉपला 'इष्टाप' म्हणतात. आपण स्वर पुढे लावतो, ते मागे लावतात. त्यात र आणि ल हे त्यांच्या कानाला एकच. लाइट आणि राइट दोन्ही 'राइतो'.

दुसरे म्हणजे, इंग्रजीतून घेतलेले शेकडो शब्द त्यांच्या भाषेत आहेत, पण अर्थ फिरलेले. परीक्षेत कॉपी करण्याला ते 'कन्निंगु' म्हणतात, भिंतीवरच्या विजेच्या प्लगला 'कोन्सेन्तो' आणि साध्या फ्लॅटला 'मान्शोन'. पावाला 'पान' म्हणतात. तो शब्द मात्र इंग्रजी नाही, पोर्तुगीजांकडून आलेला आहे. आपला 'पाव'ही त्यांच्याकडूनच आला. शब्द एकच, एक गोव्याच्या बाजूने आपल्याकडे उतरला, दुसरा जपानच्या बंदरात.

तर, पहिला खेळ टाळ्यांचा. आम्ही मिल्कचे चित्र दाखवायचो. मुले जपानी पद्धतीने म्हणत टाळ्या वाजवायची : मि, रु, कु. तीन टाळ्या. मग इंग्रजी उच्चार ऐकायचा. किती टाळ्या? एकच! स्ट्राइकच्या जपानीत पाच, इंग्रजीत एक. मुलांना याची इतकी गंमत वाटे की मधल्या सुटीत ती वाटेल त्या शब्दाच्या टाळ्या मोजत फिरत. कोणाचा उच्चार चुकला असे म्हणावेच लागत नाही, टाळीच सांगते. र आणि ल साठी फळ्यावर दोन चित्रे लावायची, एक भाताचे, एक उवेचे. राइस आणि लाइस. दोघे जण हातात माशा मारायची प्लॅस्टिकची जाळी घेऊन उभे. आम्ही शब्द उच्चारला की ज्याने आधी योग्य चित्रावर फटका मारला तो जिंकला. उवेवर फटका बसला की वर्ग हसून लोळायचा. पण हे हसणे चित्राला असे, मुलाला नव्हे.

पत्त्यांचा खेळ तर जपानी मुलांच्या रक्तातच आहे. 'कारुता' म्हणतात त्याला, आणि हा शब्दही पोर्तुगीजच. नव्या वर्षाच्या सुटीत घरोघरी खेळतात. पत्ते जमिनीवर पसरायचे, एकाने म्हणींची कार्डे वाचायची, बाकीच्यांनी ऐकताक्षणी त्या अक्षराचा पत्ता उचलायचा. जुन्या 'इरोहा' कारुताचा क्रम ज्या प्राचीन कवितेवरून आला आहे तिच्यात प्रत्येक जपानी अक्षर एकदाच येते, आणि तिचा आशय अनित्यतेच्या गाथेचा मानतात. आपल्याकडे घरात कोणी गेले की जी गाथा म्हणतात, तीच. असो. इंग्रजीच्या तासाला आम्ही फळे, प्राणी, दिवस, खेळ यांची चित्रे घेऊन कारुता खेळायचो. सगळ्यांचे हात डोक्यावर, शब्द ऐकला की झडप. चुकीच्या पत्त्याला हात लावला तर एक डाव गप्प बसायचे. हे खेळ चार-पाच जणांच्या गटात चालत. जपानी वर्गात असे गट कायमचे असतात. दुपारचे जेवण वाढणे, वर्ग झाडणे, जिने पुसणे हीसुद्धा गटांची कामे, पाळीपाळीने, कोणाचा बाप काय काम करतो हे न पाहता. यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

भेंड्यांसारखा 'शिरितोरी' हा त्यांचा दुसरा आवडता खेळ. एकाच्या शब्दाचे शेवटचे अक्षर घेऊन दुसऱ्याने शब्द सांगायचा, आणि ज्याचा शब्द 'न्'ने संपला तो बाद, कारण जपानीत न् ने सुरू होणारा शब्द नाही. इंग्रजीत हा खेळ चालतो, पण स्पेलिंग यावे लागते, म्हणून प्राथमिकला आम्ही तो फार वापरला नाही. संगीत खुर्चीसारखा 'फ्रूट्स बास्केट' मात्र प्रत्येक वर्गाला हवाच असे. एक खुर्ची कमी. मधला मुलगा म्हणतो, "ॲपल," की ज्यांना ॲपल नाव दिले आहे ते सगळे उठून जागा बदलतात. थोडी तयारी झाली की फळांची नावे सोडून द्यायची आणि मधल्याने पूर्ण वाक्य बोलायचे : "आय लाइक डॉग्ज." ज्यांना कुत्रे आवडते ते पळणार. इथे भाषेचे खरे काम सुरू होते, कारण ऐकल्यावाचून पळता येत नाही. डोळे बांधून चेहरा जुळवण्याचा 'फुकुवाराइ' हाही त्यांचा नववर्षाचा खेळ. नाक, डोळे, ओठ कागदाचे, आणि मित्रांनी इंग्रजीत सांगायचे, अप, डाऊन, लेफ्ट, राइट, स्टॉप. ओठ कपाळावर गेले की ज्याने लेफ्ट-राइटची गफलत केली त्याला आपोआप कळते.

वाक्यरचनेचा खेळ आमच्या स्वतःच्या डोक्यातून आला, आणि तो आला मराठीमुळे. जपानी वाक्य आपल्यासारखेच चालते. मी, भात, खातो. क्रियापद शेवटी. शब्दयोगी अव्ययेही आपल्यासारखी शब्दाच्या मागे लागतात. 'अ' आणि 'द' ही इंग्रजीची उपपदे ना आपल्याकडे, ना त्यांच्याकडे. म्हणून इंग्रजी शिकताना जपानी मूल जिथे अडखळते तिथेच आपले मूल अडखळते. इंग्लंड-अमेरिकेतून आलेल्या सहाय्यकांना हे शिकवून कळत नसे, आम्हाला न शिकवता कळले. तीन मुलांच्या गळ्यात पुठ्ठे अडकवायचे, आय, ईट आणि राइस. जपानी क्रमाने उभे राहा म्हटले की आय, राइस, ईट. मग शिट्टी वाजली की ईटवाल्याने धावत मध्ये शिरायचे. शब्द बदलत जायचे, मुले बदलत जायची, पण ते मध्ये धावणे कायम. काही आठवड्यांनी तोंडी बोलताना एखादी मुलगी अडली की आपल्याच बोटाने हवेत एक उडी काढायची, म्हणजे क्रियापदाला मध्ये आणायची. व्याकरणाचा नियम एकदाही सांगितलेला नव्हता.

आता आमच्या चुकीकडे येतो.

जपानभर सहाय्यक शिक्षकांत एक खेळ फार लोकप्रिय आहे, उभी रांग-आडवी रांग. सगळ्या वर्गाने उभे राहायचे. शिक्षकाने प्रश्न विचारायचा. जो आधी हात वर करून बरोबर उत्तर देईल त्याने आपली उभी किंवा आडवी रांग निवडायची, आणि ती सगळी रांग खाली बसते. असे करता करता एक-दोन जण उरतात, त्यांनी एकट्याने उत्तर द्यायचे. खेळ झटपट होतो, वर्गात उत्साह येतो, तयारी काही लागत नाही. आम्ही तो दर आठवड्याला तासिकेच्या सुरुवातीला घेऊ लागलो.

सहावीच्या एका वर्गात खिडकीकडच्या मागल्या कोपऱ्यात एक मुलगा बसे. अंगाने बारीक, केस कपाळावर. जिंकणारी मुले आपल्या दोस्तांची रांग निवडत, आणि त्या कोपऱ्याकडे कोणाचे दोस्त नव्हते. तीन आठवडे ओळीने तोच शेवटी उभा राहिला. ३३ मुले खाली बसून त्याच्याकडे पाहत आहेत, तो टेबलाकडे पाहतो आहे, आणि आम्ही हसतमुखाने "यू कॅन डू इट!" म्हणत आहोत. तिसऱ्या वेळी आम्ही उत्तराचा पहिला अर्धा शब्द सांगितला, त्याने उरलेला अर्धा पुटपुटला, वर्गाने टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटले, छान झाले.

शाळा सुटल्यावर वर्गाच्या बाई आमच्या टेबलाशी आल्या. जपानी माणूस तोंडावर दोष देत नाही. त्या म्हणाल्या, "तुमचा खेळ मुलांना फार आवडतो." मग थोडे थांबून म्हणाल्या, "तो मुलगा आज जेवला नाही."

पुढे हळूहळू कळले की त्याची आई कारखान्यात पाळीने कामाला जाते. वर्गातली निम्मी मुले संध्याकाळी खासगी शिकवणीला जातात, काही खास इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला. या दोन्हींची फी त्या घराला झेपणारी नव्हती. म्हणजे आमच्या प्रश्नांची उत्तरे जी मुले पटापट देत होती ती आमच्यापाशी शिकलेलीच नव्हती, बाहेर पैसे भरून शिकून आली होती. आमचा खेळ शिकवत नव्हता. ज्यांना येते त्यांना आधी बसवत होता आणि ज्याला येत नाही त्याला उभे करून दाखवत होता. ज्या 'कनाइफ'च्या हसण्याने आमची पाच वर्षे खाल्ली तेच आम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराला देत होतो, वर गोड हसून. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

बाईंनीच वाट दाखवली. जपानमध्ये कोणताही तंटा 'जान्केन'ने सुटतो, म्हणजे दगड, कात्री, कागद. पहिला डाव कोणाचा, उरलेले दूध कोणाला, फळा कोणी पुसायचा, सगळे जान्केनवर. हरणारा कुरकुरत नाही, कारण यात हुशारी नाही. बाई म्हणाल्या, जिंकणे जान्केनवर सोपवा आणि बोलणे मुलांवर. एवढेच वाक्य. आम्ही शिक्षणशास्त्राची जी काही पुस्तके वाचली त्यांत याहून उपयोगी वाक्य आम्हाला सापडलेले नाही.

मग आम्ही 'उत्क्रांती'चा खेळ सुरू केला. सुरुवातीला सगळेच अंडी. उकिडवे बसून चालायचे. दुसरे अंडे भेटले की दोघांनी एकमेकांना इंग्रजीत विचारायचे, तुला काय आवडते, आणि उत्तर द्यायचे. मग जान्केन. जिंकेल तो पिल्लू होणार, हात फडफडवत दुसऱ्या पिल्लाला शोधणार. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर, पुन्हा जान्केन. पिल्लाची कोंबडी, आणि शेवटी राजा. शिकवणीला जाणारा वर्गातला सर्वांत हुशार मुलगा दहा मिनिटे अंडेच राहिला आणि कोपऱ्यातला तो बारीक मुलगा राजा होऊन खुर्चीवर बसला. मात्र राजा व्हायला त्याला तोच प्रश्न कितीतरी वेळा विचारावा लागला होता, तोही एकेकाला, हळू आवाजात, कोणी ऐकत नसताना. ३४ जण एकदम बोलत असतात तेव्हा कोणाची चूक कोणाला ऐकू येते?

दुसरा खेळ खोडरबराचा. दोघांच्या मध्ये एक खोडरबर ठेवायचा. एक शब्द 'गुप्त शब्द' ठरवायचा. शिक्षक एकेक शब्द म्हणतात, मुले मागून म्हणतात आणि टाळी वाजवतात. गुप्त शब्द आला की म्हणायचे नाही, खोडरबर पळवायचा. हा सगळ्या जपानी शिक्षकांना ठाऊक असलेला खेळ आहे आणि दिसायला किरकोळ आहे. पण पाच मिनिटांत प्रत्येक मूल पन्नास शब्द उच्चारते, आणि हरले तरी फक्त शेजाऱ्याला कळते. (हा खेळ घरी दोन भावंडांना खोडरबर नसला तर बटाटा मध्ये ठेवूनही खेळता येईल.)

खेळांवर टीका करणारे तिथेही आहेत. पालक म्हणतात, पोरे नुसती नाचतात. सातवीपासूनच्या शाळेत गेले की व्याकरण, भाषांतर आणि प्रवेश परीक्षा यांचा डोंगर उभाच असतो, मग या अंड्या-पिल्लांचा उपयोग काय? वाद जुना आहे. हॅरॉल्ड पामर नावाच्या इंग्रज तज्ज्ञाला जपान सरकारने १९२२ साली बोलावून घेतले होते. आधी तोंडाने बोला, मग लिहा, असे तो चौदा वर्षे सांगत राहिला. परीक्षा बदलली नाही, म्हणून वर्गही फारसा बदलला नाही. पुढे युद्धात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली, बेसबॉलच्या मैदानावरचे इंग्रजी शब्दसुद्धा १९४३ साली काढून टाकले गेले.

आणि तरीही युद्ध हरल्यावर सहा महिन्यांच्या आत, १ फेब्रुवारी १९४६ ला, जपानी रेडिओवर रोज पंधरा मिनिटे इंग्रजी शिकवणारा जो आवाज घराघरांत पोहोचला तो माणूस आम्हाला फार जवळचा वाटतो. त्यांचे नाव तादाइची हिराकावा. कोवळ्या वयात ते अमेरिकेत रेल्वेमार्गावर मजुरी करायला गेले होते. इंग्रजीचा गंध नव्हता. सतराव्या वर्षी तिथल्या प्राथमिक शाळेत लहान लहान पोरांच्या शेजारी बसून ते शिकले आणि पुढे विद्यापीठाची पदवी घेतली. रेडिओवर त्यांनी व्याकरण शिकवले नाही. एका बौद्ध मंदिराच्या अंगणात चांदण्यात नाचणाऱ्या तानुकी नावाच्या प्राण्यांचे एक लोकप्रिय बालगीत होते, त्याच्या चालीवर इंग्रजी शब्द बसवून त्यांनी कार्यक्रमाची सुरुवात केली. घरातल्या साध्या गोष्टी, आई आणि मूल काय बोलतात, एवढाच मजकूर. उपासमारीच्या त्या दिवसांत म्हातारेकोतारेसुद्धा ते गाणे गुणगुणत. ज्याने मजुरी करून, मोठ्या वयात लाज बाजूला ठेवून भाषा मिळवली, त्याला इतरांची लाज कशी घालवायची हे कळले होते.

आता तर तिथे चित्र बदलले आहे. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा पूर्ण विषय झाला, वर्षाला ७० तासिका, पाठ्यपुस्तक आणि गुणपत्रिकेत नोंद. उपक्रम खाली तिसरी-चौथीला गेला. प्राथमिक शाळेतच सहाशे-सातशे शब्द कानावरून जावेत अशी अपेक्षा आहे, आणि सातवीचे पुस्तक ते शब्द येतात असे धरूनच चालते. म्हणजे ज्याचे प्राथमिकला राहिले त्याचे पुढेही राहणार. खेळ कमी करा, पाठांतर वाढवा, असे म्हणणारे यामुळे वाढतील. आमचे मत उलट आहे. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत त्याला इंग्रजी बोलायला मिळते ती एकच जागा, शाळेची तासिका. तिथे त्याचे तोंड उघडले नाही तर कुठे उघडणार? फक्त मोठ्या मुलांना अंडी-पिल्लांची लाज वाटते, त्यांना कोडी, मुलाखती, दोन चित्रांतले फरक शोधणे असे खेळ द्यावेत.

कोड्यांवरून आठवले. त्या सहावीच्या वर्गात शेवटच्या सत्रात आम्ही 'तीन खुणां'चा खेळ घेतला. मुलाने एखादा प्राणी किंवा वस्तू मनात धरायची, तिच्याविषयी तीन इंग्रजी वाक्ये सांगायची आणि शेवटी विचारायचे, हू ॲम आय? उत्तर बाकीच्यांनी शोधायचे. यात एक खुबी आहे. पुढे उभा असतो त्याला उत्तर माहीत असते आणि वर्गाला माहीत नसते. उभे राहणे तेच, पण बाजू उलटते. कोणी पुढे यायचे हे अर्थात जान्केनने ठरवले. हरणाऱ्याने नव्हे, जिंकणाऱ्याने यायचे.

कोपऱ्यातला मुलगा गटात जिंकला. पुढे आला. हातात आधी काढलेले चित्र उलटे धरले होते. म्हणाला, "आय ॲम ब्राऊन." आवाज लहान होता, पण वर्ग ऐकत होता, कारण उत्तर हवे होते. "आय लाइक बनाना." चार-पाच जण ओरडले, "मंकी!" त्याने मान हलवली. पहिल्यांदाच आम्ही त्याला वर्गात हसताना पाहिले. "आय कॅन फ्लाय." आता सगळे गप्प. केळे खाणारे, तपकिरी, आणि उडणारे? शिकवणीवाला हुशार मुलगा कपाळाला हात लावून बसला. "हू ॲम आय?"

कोणालाच आले नाही. त्याने चित्र उलटे केले. शिंगवाला भुंगा! कोकणातल्या नारळवाल्यांना गेंड्या भुंगा माहीत असेल, त्याच्याच कुळातला. जपानी मुलांना त्याचे फार वेड. उन्हाळ्यात रात्री झाडाला पिकलेले केळे बांधून त्याला पकडतात आणि घरी पाळतात. सारा वर्ग "आऽऽ" करून ओरडला. मग एका मुलीने विचारले, याला इंग्रजीत काय म्हणतात? त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हालाही आठवेना. शब्दकोश आणून त्याच्यासमोरच उघडला आणि शब्द वाचून दाखवला, बीटल.

त्याने आधी जपानी पद्धतीने म्हटले, बि, इ, तो, रु, आणि चार टाळ्या वाजवल्या. थोडा थांबला. मग ओठ आवळून शेवटचा स्वर आत गिळत पुन्हा म्हटले. या वेळी टाळ्या दोनच वाजल्या.